लाल डबी, निळी डबी, काळी डबी

जूनमधल्या एका शनिवारी रात्री आठला, कुकरची तिसरी शिट्टी होता होता, व्हॉट्सॲपवर फोटो आला. भाचा न्यू जर्सीत कुणाच्या तरी गराज सेलला, म्हणजे दारात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीला, उभा होता. टेबलावर पुठ्ठ्याची दोन खोकी, एकात लालसर डब्या, दुसऱ्यात निळ्या, वर हाताने लिहिलेली पाटी : एक डॉलरला एक. बाजूला धूळ खात पडलेलं एक मशीन, दहा डॉलर. खाली प्रश्न : "मावशी, लाल घेऊ की निळ्या? लवकर सांग, मागे एक आजोबा टपून उभे आहेत."

हाच प्रश्न २००७ साली मला तीन घरांनी विचारला होता. लाल म्हणजे एचडी डीव्हीडी, निळी म्हणजे ब्लू-रे, आणि सिनेमाच्या या दोन चकत्यांची तेव्हा बाजारात लढाई चालली होती. तिन्ही घरांना मी ठामपणे चुकीचं उत्तर दिलं. त्यातल्या एका घरी अजूनही हळदीकुंकवाला गेलं की विषय निघतोच. म्हणून या वेळी नुसतं "निळ्या" असं कळवून न थांबता सगळंच लिहून काढते आहे. ज्यांच्या हाती जुन्या चकत्या आल्यात, ज्यांना आज मशीन घ्यायचंय आणि ज्यांचं सामान अमेरिकेहून पुण्या-सांगलीकडे निघालंय, त्या सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी डबी बघायची, चकती नंतर. चकत्या सगळ्या दिसायला एकसारख्या, बारा सेंटिमीटरच्या, म्हणूनच आपल्याकडे सरसकट सगळ्यांना "सीडी" म्हणतात. डबी मात्र खोटं बोलत नाही. काळी आणि उंच असेल तर ती साधी डीव्हीडी. निळी आणि तिच्याहून बुटकी म्हणजे ब्लू-रे. तशीच बुटकी पण काळी, आणि वरच्या पट्टीवर "४के अल्ट्रा एचडी", ती सगळ्यात नवी, २०१६ साली आलेली. आणि बुटकी, लालसर, काविळीच्या काढ्यासारख्या रंगाची, ती एचडी डीव्हीडी. हिच्या नावात डीव्हीडी आहे, म्हणून लोक ती साध्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घालतात आणि मशीन बिघडलं समजून दुरुस्तीला नेतात. मशीन ठीक असतं.

लाल खोक्यात एक अपवाद शोधायचा. काही लाल चकत्या दोन्ही बाजूंनी चमकतात, वर चित्र नसतं, फक्त मधल्या कड्यावर बारीक अक्षरं असतात. त्या कॉम्बो. एका बाजूला एचडी डीव्हीडी, उलटी केली की साधी डीव्हीडी. डॉलरला ती वाईट नाही, निदान अर्धी तरी कामाची.

भाच्याला तेवढं पटकन कळवलं : निळ्या चाळ, लाल ठेव, कॉम्बो दिसली तर उचल, आणि त्या मशीनच्या पाठीचा फोटो काढ. आजोबांना पुढे जाऊ दे.

आता एकाच आकाराच्या चकत्यांमध्ये एवढं वैर कशाचं ते सांगते, कारण ते कळलं की कुठलं मशीन काय वाचेल हे पाठ करावं लागत नाही. चकतीवर माहिती असते ती बारीक खड्ड्यांच्या रांगेत, गोल गोल फिरत गेलेल्या. तो खड्डा लेझरचा ठिपका टाकून वाचतात. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा तांबडा ६५०चा, आणि एचडी डीव्हीडी नि ब्लू-रे या दोघी भांडखोरांचा निळा-जांभळा ४०५चा. ठिपक्यांची रांगोळी घालणारीला यापुढचं सांगावं लागत नाही. चिमूट जितकी बारीक, तितके ठिपके दाट बसतात. डीव्हीडीवर दोन ओळींत ०.७४ मायक्रॉनचं अंतर असतं, एचडी डीव्हीडीवर ०.४०, ब्लू-रेवर ०.३२. निळ्या प्रकाशाचं हे गणित सुटलं त्यात जपानच्या निचिया कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरांचा मोठा वाटा. निळ्या एलईडीसाठी त्यांना २०१४ साली इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासोबत नोबेल मिळालं.

म्हणजे प्रकाशाचा रंग दोघींचा एकच. भांडण होतं ते खोलीवरून. तोशिबा आणि एनईसी यांच्या एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीसारखाच पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर आत. त्यामुळे डीव्हीडी छापणारे जुने कारखाने थोड्या फेरफारांनी चालून जात आणि चकती स्वस्त पडे. मावायचं १५ जीबी, दोन थर केले तर ३०. सोनी, पॅनासोनिक, फिलिप्स आणि इतर अशा नऊ कंपन्यांनी २००२ साली जी ब्लू-रे जाहीर केली, तिच्यात हा थर फक्त ०.१ मिलिमीटर आत. भिंग अगदी अंगाशी नेता येतं, ठिपका आणखी आवळता येतो, एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी बसतात. पण वरचं पांघरूण इतकं पातळ की साधा ओरखडाही थेट माहितीपर्यंत पोचायचा. म्हणून सुरुवातीला ब्लू-रे चकती फ्लॉपीसारखी प्लास्टिकच्या कवचात ठेवायचा बेत होता. पुढे टीडीके कंपनीने कडक लेप काढला आणि ते कवच गळालं.

यातून व्यवहाराचा नियम असा निघतो : ब्लू-रे मशीन लाल डबीतली चकती वाचत नाही, कितीही महाग असो, आणि लाल मशीन निळी वाचत नाही. दोन्ही वाचणारी मशीनं निघाली होती. एलजीचं पहिलं २००७च्या सुरुवातीला आलं, १,१९९ डॉलरना.  डीव्हीडी मात्र दोघीही वाचतात. आणि ४के मशीन साधी ब्लू-रे आणि डीव्हीडी वाचतं, पण साधं ब्लू-रे मशीन ४के चकती वाचत नाही. वरचा खालच्याचं वाचतो, खालचा वरच्याचं नाही, आणि लाल डबीचं फक्त लाल मशीन किंवा ते दोन्हीवालंच वाचतं.

माझी चूक कशी झाली तेही सांगते, कारण आजही मशीन घेताना लोक हुबेहूब तीच करतात.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहायचो. माझ्याकडे नोकरीचा परवाना नव्हता, वेळ भरपूर होता, त्यामुळे घरातली कुठलीही वस्तू आणण्यापूर्वी दोनशे पानी वहीत रकाने आखणं हे माझं काम. पहिला रकाना किमतीचा. तोशिबाचं पहिलं मशीन एप्रिल २००६मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरना आलं, सॅमसंगचं पहिलं ब्लू-रे जूनमध्ये, ९९९ना. लालला एक गुण. दुसरा रकाना देशाच्या कुलपाचा. एचडी डीव्हीडीवर प्रदेशाचं बंधन नव्हतंच, ब्लू-रेने जगाचे ए, बी, सी असे तीन तुकडे केले होते. आज ना उद्या परत जायचं म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना हा गुण फार मोठा. तिसरा, इंटरनेटचा. प्रत्येक लाल मशीनला नेटची वायर लावायची सोय सक्तीची होती, ब्लू-रेचे नियम मात्र टप्प्याटप्प्याने ठरत होते आणि पहिली मशीनं घेतलेल्या कित्येकांना पुढच्या चकत्यांवरचे जादा प्रकार दिसणार नव्हते. चौथा, चित्राचा. ब्लू-रेच्या पहिल्या काही चकत्या एकाच थरावर, जुन्या एमपीईजी-२ पद्धतीने दाबलेल्या होत्या आणि दुकानात शेजारी-शेजारी लावल्या की फिकट वाटायच्या. लाल, लाल, लाल, लाल.

एक रकाना मी आखलाच नव्हता : सिनेमे कुणाचे?

खरं तर हे मला कुणी शिकवायला नको होतं. लहानपणी सांगलीत गणपतीत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने यायचा, आणि आमच्या गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीत बीटा कॅसेटची एक फळी होती नि व्हीएचएस कॅसेटच्या सात. चित्र बीटाचं चांगलं, हे लायब्ररीवाले काका स्वतःच सांगायचे आणि हातात व्हीएचएस द्यायचे. ज्याची फळी लांब, त्याचंच मशीन लोक घेतात. हे मला शाळेत असताना ठाऊक होतं, अडतिसाव्या वर्षी विसरले.

तर सिनेमे काढणाऱ्या स्टुडिओंच्या फळ्या अशा होत्या. युनिव्हर्सल फक्त लाल. सोनी, डिस्ने, फॉक्स, लायन्सगेट निळे. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हीकडे. ऑगस्ट २००७मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन निळं सोडून लालकडे आले तेव्हा मी त्या दिवशी शिरा केला होता. त्याआधी जूनमध्येच सिनेमे भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टरने आपल्या आणखी १,४५० दुकानांत लाल न ठेवता फक्त निळ्या चकत्या ठेवायचं ठरवलं होतं, पण ती बातमी माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नव्हती, म्हणून मी ती वाचूनही वाचली नाही.

आणि एक घोडा मागच्या दाराने आत आला होता. नोव्हेंबर २००६मध्ये सोनीचं प्लेस्टेशन ३ आलं, ४९९ आणि ५९९ डॉलरना, आणि त्याच्या पोटात ब्लू-रे मशीन होतं. नवऱ्याला ते हवं होतं. "सहाशे डॉलरचं खेळणं?" म्हणून मी वही पुढे केली. उलट, मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स ३६०साठी एचडी डीव्हीडीचं मशीन वेगळं विकलं, १९९ डॉलर जादा. जे फुकट पोटात येतं ते घराघरात शिरतं, जे वरून घ्यावं लागतं ते हौशी माणसंच घेतात.

२ नोव्हेंबर २००७ला, शुक्रवारी, वॉलमार्टने तोशिबाचं एचडी-ए२ ९८ डॉलर ८७ सेंटना काढलं. लोक तुटून पडले. त्याच हंगामात मीही एक लाल मशीन घरी आणलं. मशीनबरोबर पाच चकत्या पोस्टाने फुकट मिळत. खोक्यावरचा कोड कापायचा, फॉर्म भरायचा, पाकीट टाकायचं. कुठलीही वस्तू दीड वर्षात पाचशेवरून शंभरावर आली तर आपण आनंदाने रांगेत उभं राहतो. कुणाला एवढी घाई झाली आहे आणि का, असं विचारत नाही.

४ जानेवारी २००८ला, लास व्हेगासच्या मोठ्या प्रदर्शनाच्या तोंडावर, वॉर्नरने आपण यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं जाहीर केलं. एचडी डीव्हीडीवाल्यांनी तिथली आपली पत्रकार परिषदच रद्द केली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स (तेव्हा ते पोस्टाने चकत्या भाड्याने द्यायचं), बेस्ट बाय, वॉलमार्ट एकामागून एक निळ्याकडे गेले आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडीचा कारभार आवरला. नवरा मला काहीही बोलला नाही. "चित्र छान आहे याचं," एवढंच म्हणाला, आणि ते जास्त लागलं. पुढच्या वर्षी तोशिबाने स्वतःच ब्लू-रे मशीन बाजारात आणलं तेव्हा मात्र तो मोठ्याने हसला.

म्हणून आज कुणी मशीन विचारलं की मी उलट विचारते : तुमच्याकडे काय बघायला आहे? मशीन सगळ्यात शेवटी.

घरात मराठी नाटकांच्या व्हीसीडी असतील, आणि आपल्या पिढीच्या घरात त्या असतातच, तर दुकानात पहिला प्रश्न "हे व्हीसीडी वाचतं का?" हाच. पुष्कळ ब्लू-रे मशीनं वाचत नाहीत, खोक्यावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलेलंही नसतं. आपली एक व्हीसीडी पिशवीतून घेऊन जा आणि लावून बघा. नाटकासाठी ५५ इंची टीव्हीवर डोळे फोडण्यापेक्षा मी तर लॅपटॉपला साधा डीव्हीडी ड्राइव्ह लावते आणि व्हीएलसी नावाच्या सॉफ्टवेअरवर बघते. व्हीसीडीचं चित्रच मुळात ३५२ ठिपके रुंद, ते जितकं लहान पडद्यावर तितकं बरं दिसतं. मराठीसाठी ब्लू-रे घेऊ नका, माझ्या कपाटात मराठी ब्लू-रे एकही नाही.

इंग्रजी, जपानी, युरोपीय सिनेमे बघत असाल तर ब्लू-रे की ४के हा प्रश्न खरा. टीव्ही ४३ इंचाच्या आतला आणि सोफा दहा फुटांवर असेल तर साधं ब्लू-रे पुरे. १९२० बाय १०८० ठिपके तेवढ्या लांबून डोळ्याला भरपूर होतात. टीव्ही मोठा, ४के आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचे जास्त बारकावे दाखवणारा असेल तर ४के मशीन घ्या. मात्र ठिपक्यांच्या संख्येवर जाऊ नका, खरा फरक उजेड-अंधारात दिसतो. नेटवर सिनेमा बघताना रात्रीच्या प्रसंगात आभाळाला पायऱ्या पडतात, काळ्यात चौकोन हलतात, ते चकतीवर सहसा होत नाही. नेटफ्लिक्स ४केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानतं. ४के चकतीवरून तोच ओघ १२८पर्यंत जाऊ शकतो. माठाला तोटी लावणं आणि नळाखाली घागर धरणं यात जेवढा फरक, तेवढा.

कंपन्या आता मोजक्याच उरल्यात. ओप्पोने २०१८मध्ये मशीनं बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९मध्ये, एलजीनेही नंतर हात आखडला. उरले प्रामुख्याने सोनी आणि पॅनासोनिक. मला पॅनासोनिकचं यूबी८२० आवडतं, कारण टीव्ही मध्यम प्रतीचा असला तरी एचडीआरचा झगमगाट ते त्याच्या कुवतीप्रमाणे आवरून देतं. सोनीचं एक्स७०० स्वस्तात पडतं, फक्त डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) लागणारी चकती लावताना मेनूत जाऊन ते चालू करायचं आणि नंतर बंद करायचं, हे लक्षात ठेवावं लागतं. आमच्या घरी रिमोटच्या पाठीला कागद चिकटवला असता.

मुलांसाठी खेळाचं मशीन येणारच असेल तर तेच चालतं, पण नीट बघून. प्लेस्टेशन ३ ब्लू-रे वाचतं, ४के नाही. प्लेस्टेशन ४ आणि त्याचा प्रोसुद्धा ४के चकती वाचत नाही, नावात काहीही असो. प्लेस्टेशन ५ वाचतं, पण चकतीची फट असलेलंच घ्यायचं. एक्सबॉक्स वन एस आणि सिरीज एक्स वाचतात, तेही फट असलेलेच. सिरीज एसला फटच नाही, हे खोकं घरी आणून उघडल्यावर कळलेले एक गृहस्थ माझ्या नात्यात आहेत.

आता परत येणाऱ्यांसाठी. यात चार फसवे खड्डे आहेत आणि मी तिघांत पडले.

मशीनला एक नाही, दोन कुलपं असतात. डीव्हीडीचं वेगळं, ब्लू-रेचं वेगळं. डीव्हीडीत अमेरिका १, भारत ५. ब्लू-रेत अमेरिका ए आणि जपानही ए, युरोप बी, भारत सी. पुण्यात घेतलेल्या मशीनवर अमेरिकन ब्लू-रे चालेल का, तर चकतीनुसार. कित्येक चकत्यांवर कुलूप घातलेलंच नसतं, काहींच्या डबीवर ए छापलेलं असूनही त्या सगळीकडे चालतात, आणि काही अगदी हट्टाने "हा प्रदेश नाही" अशी पाटी दाखवतात. म्हणून दोनशे चकत्या घेऊन येत असाल तर अमेरिकन मशीनही बरोबर आणा, त्याच्यावर सगळ्या चालतील. ४के चकत्यांना प्रदेशाचं कुलूप नसतं, हे वरदान. मात्र त्याच डबीत जोडीला दिलेल्या साध्या ब्लू-रेवर ते असू शकतं.

दुसरा खड्डा उलट दिशेचा. पुण्याहून आणलेल्या डीव्हीडीच्या पाठीवर "पाल", म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत, लिहिलेलं असेल तर अमेरिकन मशीन ती बहुधा नाकारतं. "एनटीएससी", म्हणजे अमेरिकेची पद्धत, आणि "ऑल रीजन" असेल तर बिनघोर घ्या. नातवंडांना भेट म्हणून डीव्हीडी नेणाऱ्या आजी-आजोबांनी हे दुकानातच बघावं.

तिसरा, विजेचा. मशीनच्या पाठीला एक पट्टी असते. तिच्यावर "१००–२४०" असेल तर नुसती पिन बदलून चालतं. "१२०" एवढंच असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. आमच्या दिरांनी हे न वाचता सांगलीत मशीन थेट भिंतीत लावलं. आवाज लवंगी फटाक्याएवढाच झाला, पण वास चार दिवस होता.

चौथा खड्डा वायरीचा. ४के मशीन आणि ४के टीव्ही यांच्या मध्ये जुना साउंड ॲम्प्लिफायर असेल तर बहुतेक वेळा तोच अडतो, कारण एचडीसीपी २.२ नावाची परवानगी त्याला कळत नाही. मग चित्र मुकाट्याने खालच्या दर्जाचं येतं आणि आपण मशीनला शिव्या देतो. वायर थेट टीव्हीला लावून बघा. टीव्हीच्याही सगळ्या एचडीएमआय भोकांना ती परवानगी असते असं नाही, भोकाशेजारची बारीक अक्षरं वाचा.

वापरलेलं मशीन घ्यायचं तर पाच मिनिटं बघून घेऊ नका, अर्धा सिनेमा बघा. अक्षरशः. दोन थरांच्या चकतीत सिनेमाच्या मध्यावर कुठेतरी लेझर एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारतो. थकलेलं मशीन नेमकं तिथे गोठतं. त्यामुळे चकती लावा, मध्यावर न्या आणि तिथे पंधरा मिनिटं चालू द्या. ४के मशीन असेल तर १०० जीबीची, म्हणजे तीन थरांची चकती लावून बघा. ६६ जीबीची छान चालवणारी मशीनं तिथे अडखळतात. लांबलचक सिनेमांच्या चकत्या बहुधा १०० जीबीच्या असतात, मित्राकडून एक मागून न्या. ट्रे चार वेळा उघड-बंद करा. अडकत अडकत येत असेल तर आतलं रबर गेलं असं समजा. त्याने काही मोठं बिघडत नाही, पण भाव पाडायला उपयोग होतो.

चकती पुसायची ती मऊ कोरड्या कापडाने, मधून कडेकडे, सरळ रेषेत. जात्यासारखं गोल फिरवू नका, गोल ओरखडा खड्ड्यांच्या रांगेलाच समांतर जातो आणि मशीनला तो ओलांडता येत नाही. आणि उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या.

राहता राहिल्या लाल चकत्या. माझ्याकडे एक्केचाळीस होत्या : पाच त्या पोस्टाने आलेल्या, बाकीच्या २००८च्या उन्हाळ्यात दुकानं त्या मातीमोल भावाने काढत होती तेव्हाच्या. आज बावीस चालतात. उरलेल्या एकोणिसांपैकी बहुतेक एकाच स्टुडिओच्या. ओरखडा एक नाही, डबीत उभ्या, उन्हाचा स्पर्श नाही, तरी आतून कुजल्यात. दिव्यासमोर धरलं की कडेला दुधाळ ढग दिसतो, कधी ढगही दिसत नाही, नुसतं मध्यावर चित्र थांबतं. म्हणून गराज सेलमध्ये लाल चकती घेताना "नवीकोरी आहे, प्लास्टिकही काढलेलं नाही" यावर भुलू नका, ती बंद डबीतही मरते. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आधी सगळ्या एकदा मध्यापर्यंत चालवून बघाव्यात आणि जिवंत आहेत त्यांतला आवडता सिनेमा निळ्या डबीत मिळतो का ते शोधावं. लाल मशीन नसेल तर एक्सबॉक्स ३६०साठी निघालेलं ते १९९ डॉलरचं वेगळं मशीन यूएसबीने कॉम्प्युटरलाही जोडता येतं. आणि लाल मशीन असेल तर ते फेकू नका. साध्या डीव्हीडी ते इतक्या सुरेख मोठ्या करून दाखवतं की आमच्याकडे दहा वर्षं त्याचा तेवढाच उपयोग झाला. आता त्याचा ट्रे पेपरक्लिपने ओढून काढावा लागतो, आणि ट्रान्सफॉर्मर घोंगावतो म्हणून नवरा आवाज वाढवून बसतो.

भाच्याचा निरोप दीड तासाने आला. निळ्या चौदा घेतल्या, लालमधल्या तीन, तिन्ही कॉम्बो. आजोबांनी उरलेलं लाल खोकं सबंध उचललं म्हणे, म्हणजे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल किंवा माझ्याएवढंच. आणि खाली पाठीमागून काढलेला मशीनचा फोटो. ते लाल मशीन निघालं.

"दहा डॉलर तर आहेत, घेतलंच मी," त्याने लिहिलं होतं. "तुझ्या बावीस चकत्यांसाठी. डिसेंबरात येताना आणतो."

मी फोटो मोठा करून पट्टी वाचली. मग त्याला लिहिलं, "आण. पण सांगलीत उतरलास की कुणाच्याही हाती देऊ नकोस, विशेषतः काकांच्या. १२०चं आहे."